मदत हवी आहे : सामन्यांच्या दिवसांत हँडबॉलच्या मुलींचा ताकदीचा व्यायाम कसा आखावा?

नमस्कार. मी शाळेतील १७ वर्षांखालील मुलींच्या हँडबॉल संघाला शिकवतो. जून-जुलैमध्ये आम्ही आठवड्यातून तीन दिवस ताकदीचा व्यायाम घेत होतो, परंतु तालुका आणि जिल्हा पातळीवरील सामने सुरू होताच मुली दमतील या भीतीने मी तो पूर्णपणे थांबवला आणि तीच माझी चूक झाली, असे आता वाटते. आमची एक मुलगी ९ मीटरच्या रेषेबाहेरून उडी मारून सहज गोल करायची. हल्ली ती चेंडू फेकल्यावर दुसऱ्या हाताने खांदा दाबत मागे धावते. ते पाहवत नाही. तिचे फेकणे बंद करून तिला डॉक्टरांकडे पाठवले आहे.

हंगामात उचलायचे वजन फारसे न घटवता केवळ सेट (सलग आवर्तनांच्या फेऱ्या) कमी केले आणि आठवड्यातून एक-दोनदा व्यायाम चालू ठेवला, तर कमावलेली ताकद बरीचशी टिकते, हे मला पटते. अडचण आखणीची आहे, कारण शालेय स्पर्धांत कित्येकदा एकाच दिवशी दोन सामने येतात आणि पुढची तारीख ऐन वेळी कळते. सामन्याच्या किती दिवस आधी स्क्वॉट थांबवावेत? मांडीच्या मागच्या स्नायूंसाठीचा नॉर्डिक व्यायाम (गुडघ्यांवर उभे राहून, घोटे कुणीतरी धरलेले असताना शरीर हळूहळू पुढे झुकवणे) दुखणे न वाढवता कसा घ्यावा? खांद्यासाठी रबरी पट्ट्यांचा व्यायाम रोजच्या वॉर्मअपमध्येच घ्यावा का?

आमच्याकडे एक बार, थोड्या प्लेट्स, दोन मेडिसिन बॉल आणि रबरी पट्टे आहेत. या वयोगटाला प्रत्यक्ष शिकवणाऱ्यांनी आपले आठवड्याचे वेळापत्रक कळवावे, ही विनंती.