मदत हवी आहे : बहिणीला एसटीत चढता येत नाही, अर्ज कोणाच्या नावानं करायचा?

धाकटा_यवतमाळ : लवकर सांगा, सोमवारपासून कॉलेज आहे. बहीण बी.ए.ले आहे, कॉलेज तालुक्याले, २२ किलोमीटर. सकाळी सव्वासातची एकच गाडी. मागच्या हप्त्यात कंडक्टरनं खुर्ची घ्यायला नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी गाडी थांब्यावर थांबलीच नाही, मी हात करत राहिलो. डेपोत गेलो तर म्हणे अर्ज द्या. काय लिहू, कोणता कायदा लिहू?

तूरदाळ : कसली खुर्ची भाऊ? बहिणीला काय झालं ते तर लिहिलंच नाही.

धाकटा_यवतमाळ : चाकाची खुर्ची. लहानपणापासून पाय चालत नाहीत. हात मजबूत आहेत.

सवलतवाले_काका : ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर साध्या गाडीत ७५ टक्के सवलत मिळते. ६५च्या वर असेल तर सोबत्यालाही अर्धं तिकीट. मुलींचा फुकट पास मात्र बारावीपर्यंतच, तो तिला आता नाही.

धाकटा_यवतमाळ : काका, तिकिटाचं काहीच अडलं नाही. चढायचं अडलं आहे.

सवलतवाले_काका : माहिती सगळ्यांच्याच कामी येते, म्हणून लिहिली.

रानवाट : मोटारवाली तीनचाकी घ्या. केंद्राच्या योजनेत शिबिरातून मिळते. आमच्या गावातल्या एकाला मिळाली, तो आता एसटीकडे पाहतही नाही.

तूरदाळ : त्यासाठी ८० टक्के लागतात. बहिणीचे किती?

धाकटा_यवतमाळ : ७२.

रानवाट : मग पुन्हा तपासून घ्या.

तूरदाळ : टक्के काय बाजारात वाढवून मिळतात का? आणि मिळाली समजा, तर पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यानं बावीस जाणं, बावीस येणं. मध्येच बंद पडली तर पोरगी एकटी काय करील?

सीताबर्डी : नागपूरला ठेवा तिला. मेट्रोत लिफ्ट आहे, खुर्ची सरळ डब्यात जाते. मी रोज बघतो.

धाकटा_यवतमाळ : कॉलेज इथं आहे, घर इथं आहे. तिनं काहून गाव सोडायचं?

मुक्कामी_गाडी : मी एसटीतून निवृत्त झालो. आगार व्यवस्थापकाच्या नावानं अर्ज करा, प्रत विभाग नियंत्रकाला. स्वतःच्या प्रतीवर पोच घ्याच, नाहीतर अर्ज आलाच नाही म्हणतात. न थांबलेल्या गाडीची तारीख, वेळ, थांबा लिहा. कायद्याचं म्हणाल तर मार्च २०२० पासूनच्या नव्या बसला खुर्ची, कुबड्यांची सोय सक्तीची आहे. जुन्या गाडीवर तुमचं काही चालणार नाही.

वकिलीण_वर्धा : काका, शेवटचं चूक आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम ४१ वाचा. जिथे तांत्रिकदृष्ट्या शक्य, सुरक्षित आणि खर्चाला परवडणारं आहे, आणि रचनेत मोठा बदल लागत नाही, तिथे जुन्या वाहनांतही बदल करायचे आहेत. थांब्यावरच्या सोयीही त्याच कलमात येतात. अर्जात हे कलम लिहा. दाद मिळाली नाही तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा.

मुक्कामी_गाडी : कलम खरं असेल बाई, पण वर्कशॉपमध्ये साधी काच बसायला महिना लागतो, हे मी पाहिलं आहे.

वकिलीण_वर्धा : म्हणूनच लेखी मागायचं.

जुना_मूर्तिजापूर : आपली जुनी शकुंतला रेल्वे चालू असती तर ही वेळच आली नसती. छोटी गाडी, गार्ड ओळखीचा. आमच्या आजीला दोघं जण धरून चढवत.

सीताबर्डी : शकुंतलेचे डबे काय जमिनीला टेकलेले होते? तिथंही पायऱ्याच होत्या.

धाकटा_यवतमाळ : खालचं बहिणीनं लिहिलं आहे, जसंच्या तसं टाकतो.
"मला कोणी उचलू नका. मी पायरीवर पाठमोरी बसते आणि हातांवर जोर देऊन एकेक पायरी वर सरकते. खाली युरियाच्या पोत्याचा तुकडा टाकते, नाहीतर चिखलानं सलवार भरते आणि दिवसभर तशीच वर्गात बसावी लागते. वरच्या दोन पायऱ्या जमतात. पहिलीच हाताला येत नाही, कारण खुर्चीतून तिच्यावर उतरताना खुर्ची मागं सरकते. तेवढं सोडवा."

तूरदाळ : हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं ना बापा! ओटा बांधा थांब्यावर. पायरी जमिनीपासून किती?

धाकटा_यवतमाळ : टेपनं मोजली, दीड फूट.

तूरदाळ : मग ओटा एक फुटाचा करा. उंचीच्या बारापट उतार लागतो, म्हणजे बारा फूट. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठीच खर्चायचे असतात. सरपंचांना हा खर्च त्यातूनच मागा.

मुक्कामी_गाडी : आधी दार पाहा. बाहेर उघडत असेल तर ओटा आडवा येईल. आणि ड्रायव्हरनं गाडी ओट्याला लावली पाहिजे, नाहीतर मध्ये हातभर फट राहते. हेही अर्जात टाका : या थांब्यावर गाडी ओट्याला चिकटून उभी करावी. घडीची खुर्ची पुढच्या सीटमागं मावते, मी स्वतः ठेवली आहे.

धाकटा_यवतमाळ : दार आत उघडतं. खुर्ची घडीचीच आहे. सरपंच म्हणतात ग्रामसभेत मांडा. सोमवारपर्यंत ओटा होत नाही, तोवर काय?

वकिलीण_वर्धा : तोवर खुर्ची मागून धरा, चढू तिला द्या. अर्ज उद्याच देऊन टाका. सही बहिणीची.

धाकटा_यवतमाळ : ती लिहायला बसलीच आहे. न थांबलेल्या गाडीचा नंबर नाही माझ्याकडं, तारीख आहे. चालेल?

मुक्कामी_गाडी : चालेल. त्या फेरीवर कोण होतं ते डेपोच्या नोंदीत निघतं.