मदत हवी आहे: मक्याचा मुरघास घालूनही दूध घटलं, पुढच्या पेरणीला बियाणं कोणतं घेऊ?

आठ_दावणी
नमस्कार मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. आठ गाई, पाच दुधात. मक्याचा मुरघास केला होता, म्हणजे हिरव्या मक्याची बारीक कुट्टी खड्ड्यात हवाबंद दाबून मुरवली होती. खड्डा उघडून नऊ दिवस झाले. गाईमागे रोज वीस किलो घालतोय. दूध वाढायचं सोडून पाच गाईंमिळून सहा-सात लिटरनं उतरलं. दोघी तर गव्हाणीत तोंड घालतात आणि तसंच बाहेर काढतात. शेण पातळ पडतंय. बियाणंच भिकार होतं अशी माझी खात्री झाली आहे. रान तयार आहे, वाफसा आला की पेरायचं. मुरघासाला मक्याचं कोणतं बियाणं चांगलं, एवढंच सांगा. लवकर सांगा.

बांधावरची
दादा, बियाण्यावर नंतर येऊ. आधी हे सांगा: मका कितव्या दिवशी कापला? कणसं भरली होती का? खड्डा किती दिवस बंद होता? ओळीत अंतर किती ठेवलं होतं? आणि मुरघासाशिवाय गाईंना दुसरं काय जातं?

हत्तीगवत
मक्याचा नाद सोडा. नेपियर गवताची कांडी लावा, दर 45 ते 60 दिवसांनी कापा. एकदा लावलं की काही वर्षं पेरणीचा खर्च नाही. माझ्या गोठ्यात सगळं नेपियरवरच चालतं.

आठ_दावणी
नेपियर माझ्याकडेही बांधाला आहे, त्याबद्दल विचारलेलं नाही. ताई, मका एकदम जोरदार होता. आफ्रिकन टॉल, नऊ फुटांवर गेला होता, हिरवागार. म्हणून तर कळत नाही.

बांधावरची
आफ्रिकन टॉल ही हिरव्या चाऱ्याची जात. उंची आणि पाला देते, फुलोऱ्यात कापून हिरवी घालायला उत्तम. पण कापणी कितव्या दिवशी, ते अजून राहिलंच.

आठ_दावणी
पंचावन्नाव्या दिवशी. तुरा बाहेर पडत होता. पाऊस येणार म्हणून घाई केली. एकरी तीस किलो बी, फुटाफुटावर ओळी. खड्डा बारा दिवसांनी उघडला, घरचा हिरवा चारा संपला होता.

कुट्टीवाला
मग बियाण्याला कशाला दोष देता भाऊ! तुम्ही हिरव्या चाऱ्याची पेरणी केली, हिरव्या चाऱ्याच्या वयात कापली आणि खड्ड्यात भरली. मुरघासाचा जीव कणसात असतो. चांगल्या भरलेल्या मक्यात सगळ्या झाडाच्या कोरड्या वजनाचा जवळपास अर्धा भाग कणसाचा असतो, आणि ताकद देणारा स्टार्च दाण्यात. तुमच्या खड्ड्यात दाणा नावालाही नाही. खड्ड्याच्या तळातून काळं पाणी येतंय का?

आठ_दावणी
येतंय. पहिल्या आठवड्यात तर पन्हाळीसारखं वाहत होतं. वास आंबट कमी, कुजकट जास्त. हात धुतला तरी जात नाही.

गुळपाणी
भरताना गूळ आणि मीठ मारलं होतं का? मी प्रत्येक थराला गुळाचं पाणी शिंपडतो. वास कधीच येत नाही.

कुट्टीवाला
मक्याला गूळ लागत नाही, त्याच्यात स्वतःची साखर पुरेशी असते. गवताला, नेपियरला, लसूणघासाला गुळाचा उपयोग होतो कारण तिथे साखर कमी. इथे दुखणं पाण्याचं आहे. जास्त ओल्या चाऱ्यात आंबवणारे चांगले जिवाणू मागे पडतात आणि ब्युटिरिक आम्ल तयार करणारे पुढे जातात. हाताला चिकटून राहणारा तो वास त्याचाच.

गुळपाणी
माझा अनुभव वेगळा आहे. मी नेपियर आणि मका मिसळून भरतो आणि गुळाशिवाय भरतच नाही.

कुट्टीवाला
नेपियर मिसळत असाल तर बरोबर आहे. यांचा नुसता मका आहे.

ट्रेमधला_चारा
मी हायड्रोपोनिक मका करतो. एक किलो बियाण्यापासून आठ दिवसांत सहा-सात किलो हिरवा चारा. ना रान, ना खड्डा, ना वास. याचा विचार करा.

बांधावरची
ते सहा-सात किलो बहुतेक पाणीच असतं हो. कोंब फुटताना बी स्वतःतलंच खाऊन वाढतं, म्हणजे वाळवून तोललं तर घातलेल्या मक्यापेक्षा थोडं कमीच भरतं. वासराला, आजारी जनावराला तोंडाला चव म्हणून चांगलं, पण पाच दुभत्यांचं पोट त्यावर भरायचं नाही. दादा, तुम्ही एक काम करा, आजच करा. खड्ड्याच्या मधल्या भागातून शंभर ग्रॅम मुरघास तोलून घ्या. मायक्रोवेव्हमध्ये पसरून ठेवा, शेजारी पाण्याचा पेला असू द्या म्हणजे पेट घेणार नाही. दोन-दोन मिनिटं चालवा, हलवा, तोला. वजन उतरायचं थांबलं की जेवढे ग्रॅम उरले तेवढे टक्के कोरडा भाग. आकडा इथे टाका.

आठ_दावणी
एकोणीस ग्रॅम. दोनदा केलं. दुसऱ्या वेळी साडेअठरा.

बांधावरची
तेच. मुरघासाला 30 ते 35 टक्के हवा. आता हिशेब बघा. वीस किलो चांगल्या मुरघासातून, 33 टक्के धरला तर, गाईच्या पोटात साडेसहा किलो कोरडा चारा जातो. तुमच्या वीस किलोत पावणेचार. पाटी तेवढीच भरलेली, पण गाय रोज पावणेतीन किलोनं उपाशी. चारशे किलोच्या दुभत्या गाईला दिवसाला साधारण बारा किलो कोरडं लागतं. दूध उतरणारच, आणि त्यात दाणा नाही.

जुना_पशुवैद्य
मध्येच बोलतो, पण हे महत्त्वाचं आहे. कुजकट, चिकट, काळपट किंवा बुरशीचा भाग गाभण गाईला अजिबात घालू नका. बिघडलेल्या मुरघासातून लिस्टेरियाचे जंतू जाऊन गाभडण्याची भीती असते. नुकत्याच व्यालेल्या गाईलाही नको, ब्युटिरिक आम्लाने किटोसिसला, म्हणजे रक्तात किटोन वाढण्याच्या आजाराला, आमंत्रण मिळतं. चांगला भाग वेगळा काढून आठ-दहा किलोवर आणा, बाकीची भर वाळल्या कडब्याने आणि धान्याच्या भरड्याने करा. भरडा एकदम वाढवू नका, आठवडाभरात चढवत न्या. दोन गाई तोंड काढतात म्हणता, त्यांचा ताप बघितला का? रवंथ करतात का?

आठ_दावणी
रवंथ करतात, ताप नाही. एक सहा महिन्यांची गाभण आहे. तिचा आजपासून बंद केला.

कडवळवाला
एवढी कटकट कशाला? कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, पेरा. पाणी कमी लागतं, उन्हाला टिकतं, मुरघासही होतो.

जुना_पशुवैद्य
कडवळ चांगलंच आहे, पण हा सल्ला अर्धा सोडू नका. कोवळ्या ज्वारीवर्गीय पिकात सायनाइडचं विष असतं, त्यालाच आपण किराळ लागणं म्हणतो. पावसाने ताण दिला की ते वाढतं, आणि कापल्यावर फुटलेल्या कोवळ्या फुटव्यातही असतं. फुलोऱ्याआधी हिरवं घालू नका. मी एकाच दुपारी एका बांधावर तीन गाई पडलेल्या पाहिल्या आहेत, गुडघाभर पीक होतं. वाळवल्याने आणि नीट मुरवल्याने विष कमी होतं.

तपकिरी_शीर
कोणी बीएमआर (ब्राउन मिडरिब) मक्याबद्दल ऐकलंय का? पानाची मधली शीर तपकिरी असते. 1924 मध्ये अमेरिकेत मिनेसोटात असं झाड पहिल्यांदा आढळलं. ताटातलं न पचणारं लिग्निन कमी, त्यामुळे ताट लवकर पचतं. ताट मात्र कमजोर आणि उत्पन्नही थोडं कमी.

आठ_दावणी
माहिती चांगली आहे पण माझ्या प्रश्नाचं काय? बियाणं कोणतं?

कुट्टीवाला
नाव सांगत नाही, गुण सांगतो, ते बघून निवडा. मोठं कणीस आणि भरपूर दाणा देणारा संकरित मका घ्या. कणीस पिकत असताना पाला हिरवा राहणारा हवा, म्हणजे कापणीला चार दिवस मागेपुढे झाले तरी चालतं. ताट पक्कं, लोळणारं नको. तुमच्या पाण्याला आणि हंगामाला झेपेल इतक्या दिवसांचा. आणि तीस किलो बी विसरा. दोन फूट ओळ, झाडात वीस सेंटिमीटर, एकरी आठ किलो पुरे. एकरात तेहेतीस हजारांच्या आसपास झाडं बसतात.

हत्तीगवत
इतकं विरळ? ताटं जाड होतील, जनावरं कांडकी टाकून देतील.

कुट्टीवाला
हिरवी घातली तर टाकतील. मुरघासाला एक-दीड सेंटिमीटरची कुट्टी होते आणि मुरते, कांडकं वेगळं उरतच नाही. दाट पेरलं तर कणीस भरत नाही, यांच्या रानात हेच होणार होतं.

बांधावरची
दोघांचं आपापल्या जागी खरं आहे. दादा, दोन भाग करा. थोड्या रानात आफ्रिकन टॉल दाट, सोबत चवळी, ते हिरवं घाला. मोठ्या भागात दाण्याचा मका मुरघासाला. मक्यात प्रथिनं कमी, कोरड्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास, म्हणून लसूणघासाचे दोन वाफे राहू द्या. आणि पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, लष्करी अळी बघत राहा. फवारणी केली तर लेबलवर दिलेला काळ संपेपर्यंत एकही पेंढी गोठ्यात आणू नका.

आठ_दावणी
हे पटलं. सगळ्यांचे आभार. बियाणं आणतो. कापणी कितव्या दिवशी करू?

बांधावरची
दिवस मोजू नका, कणीस मोडा. मधोमध मोडून वरच्या तुकड्यातला दाणा बघा, कोंब नसलेल्या बाजूने. डोक्याकडून पिवळा कडक भाग आणि खाली पांढरा चिकाचा भाग, मध्ये रेषा दिसते. ती अर्ध्यावर आली की कापा. मग ट्रॅक्टरने थरथर दाबत हवा काढा, झाकून वर वजन ठेवा आणि निदान दीड महिना हात लावू नका.

*(तीन महिन्यांनी)*

आठ_दावणी
धागा वर काढतोय. आज पाच ठिकाणची कणसं मोडली. रेषा दाण्याच्या वरच्या पाव भागात आहे, नखाने खालचा भाग दाबला की चीक उडतो. अख्ख्या झाडाची कुट्टी करून तोलली, 28 ग्रॅम उरले. आभाळ आलंय. कापू का?

बांधावरची
नको. रोज साधारण अर्धा टक्का चढतो. आठवडाभर थांबा, मग परत तोला. पाला हिरवा आहे ना?

आठ_दावणी
खालची दोन पानं सुकलीत, बाकी हिरवा. थांबतो. ताडपत्री आणि टायर आणून ठेवले आहेत.

जुना_पशुवैद्य
ती गाभण गाय कशी आहे?

आठ_दावणी
तीन दिवसांपूर्वी व्याली. कालवड आहे.