कॅनडाने स्थलांतराचा आकडा घटवला, मग आश्रयाच्या अर्जांवर मर्यादा का नाही?

प्रश्न: सातपूरकर

ऑक्टोबर 2024 मध्ये कॅनडा सरकारने 2025 साठीचे कायम निवासाचे उद्दिष्ट 5 लाखांवरून 3 लाख 95 हजारांवर आणले, तेव्हापासून आमच्या घरी वाद चालू आहे. पुतणी ओंटारियोत शिकते. आश्रय मागणाऱ्यांच्या लोंढ्यामुळेच विद्यार्थ्यांची कोंडी झाली, असे तिच्या वडिलांचे ठाम मत आहे. गर्दी कमी करायची, तर सरकार आश्रयाच्या अर्जांनाच मर्यादा का घालत नाही? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर: दूरदेशी

आपल्या बंधूंनी दोन वेगळी खाती एकत्र केली आहेत. कायम निवासाचे उद्दिष्ट मंत्री दरवर्षी संसदेपुढे मांडतात आणि ते कमी-जास्त करणे सरकारच्या हातात असते. आश्रयाचे तसे नाही. 1985 च्या सिंग खटल्यात, ज्यात भारतातून गेलेले शीख अर्जदारही होते, तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की अर्जदार खरे बोलतो की नाही यावरच निकाल अवलंबून असेल, तर त्याचे म्हणणे तोंडी ऐकल्याशिवाय अर्ज फेटाळता येणार नाही. जिवाला धोका असलेल्याला मायदेशी परत पाठवायचे नाही, असे सांगणारा 1951 चा निर्वासितविषयक करारही कॅनडाने स्वीकारलेला आहे. भारताने तो कधीच स्वीकारला नाही, त्यामुळे आपल्याला ही अडचण चटकन लक्षात येत नाही.

ही दोन खाती जिथे खरोखर एकमेकांना भिडतात, त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही. आश्रय मंजूर झाला तरी कायम निवासासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि त्या जागा वार्षिक उद्दिष्टातच मोजल्या जातात. 2025 च्या योजनेत अशा जागा अवलंबितांसह जेमतेम 20 हजार होत्या. म्हणजे उद्दिष्ट घटल्याची झळ मान्यताप्राप्त निर्वासितांनाही बसली. विद्यार्थी परवान्यांच्या संख्येवरची मर्यादा तर जानेवारी 2024 मध्येच आली होती आणि तिच्यामागे घरांची टंचाई व बेसुमार प्रवेश देणारी कॉलेजे होती.

उत्तर: मिसिसागाकर

विवेचन पटले, पण सरकारचे हात अगदीच बांधलेले आहेत असे चित्र उभे राहू नये. अमेरिकेशी झालेल्या करारानुसार 2004 पासून अमेरिकेतून अधिकृत सीमाचौकीवर आलेल्या बहुतेक आश्रयार्थींना तिकडेच परत पाठवता येत होते; क्यूबेकमधील रॉक्सहॅम रोडसारख्या आडवाटेने येणाऱ्यांना मात्र तो लागू नव्हता. 25 मार्च 2023 पासून ती पळवाट बंद झाली. पुढच्या वर्षी मेक्सिकोच्या बहुतेक नागरिकांना पुन्हा व्हिसा सक्तीचा केला गेला.

खरे दुखणे विलंबाचे आहे. अडीच लाखांहून अधिक अर्ज तुंबल्यावर खोट्या अर्जालाही किंमत येते. परमिट संपत आलेल्या मुलांना येथील काही सल्लागार सर्रास सांगतात, "आश्रयाचा अर्ज टाकून द्या, सुनावणीपर्यंत वर्क परमिट मिळेल." अर्जांना मर्यादा घालण्यापेक्षा निकाल लवकर लागले, तर हा धंदा आपोआप बसेल आणि ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे, तो वर्षानुवर्षे टांगणीला लागणार नाही.

सातपूरकर

दोघांचेही आभार. असा सल्ला पुतणीच्या मैत्रिणीलाही मिळाला आहे. त्यात धोका काय?

मिसिसागाकर

अर्ज दाखल होतानाच सशर्त निर्गमन आदेश, म्हणजे देश सोडण्याचा आदेश, निघतो आणि दावा अंतिमतः फेटाळला गेला की तो लागू होतो. हे सल्लागार फी घेताना सांगत नाहीत. तिने आधी परवानाधारक वकिलाला गाठावे.