बटाटे कुठे ठेवायचे आणि एअर फ्रायरमध्ये कसे करायचे? सल्ला हवा

निवांत_खवय्यी
मंडळी, दोन प्रश्न आहेत, एकाच धाग्यात विचारते. आमच्याकडे बटाटे एकदम ढीगभर येतात (आणणाऱ्याला सांगून काही उपयोग नाही, ते सोडा) आणि संपायच्या आत निम्म्यांना कोंब फुटतात, म्हणून हल्ली अर्धे फ्रिजच्या खालच्या ट्रेमध्ये टाकते. दुसरं म्हणजे नवीन एअर फ्रायर घेतलाय, त्यात फ्राईज बाहेरून पटकन तपकिरी होतात, कडा तर काळ्याच पडतात आणि आत चावून बघितलं तर कच्चट. तापमान २०० वर ठेवते, पुस्तिकेत तेच दिलंय. कमी केलं की मऊ पडतात. मशीन बदला असं कृपया कोणी सांगू नका.

काठोकाठ
फ्राईजला फ्रिजमधलेच बटाटे घेताय का?

निवांत_खवय्यी
हो, बहुतेक वेळा तेच, बाहेरचे आधी रोजच्या स्वयंपाकात संपतात. पण त्याचा काय संबंध?

काठोकाठ
सगळा संबंध तिथेच आहे. बटाटा साधारण ६ अंशांच्या खाली राहिला की त्यातल्या स्टार्चची हळूहळू साखर व्हायला लागते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. घरचा फ्रिज असतो ४ च्या आसपास. मग असा बटाटा गरम हवेत गेला की ती साखर आधी रंग धरते आणि आतला भाग शिजायच्या आत बाहेर काळं होऊन बसतं, त्यात मशीनचा दोष नाही. फ्रिजमध्ये राहिलेला कच्चा बटाटा उकडला की किंचित गोडसर लागतो बघा, तोही यामुळेच. आता जे फ्रिजमध्ये आहेत ते टाकू नका, बाहेर अंधारात काढून ठेवा, दोनतीन आठवड्यांत साखर बरीच कमी होते (पूर्ण जात नाही). तेवढा धीर नसेल तर ते उकडायच्या पदार्थांत संपवा आणि फ्राईजला बाहेरचे घ्या.

मीठ_चवीपुरतं
+१. आणि रंगाचा प्रश्न नुसता दिसण्याचा नाहीये. ती साखर आणि बटाट्यातलं ॲस्पॅराजिन नावाचं अमिनो आम्ल मिळून १२० अंशांच्या वर ॲक्रिलामाइड (कर्करोगाचा धोका वाढवू शकेल असं रसायन) तयार होतं, खाण्याच्या पदार्थांत ते असतं हे २००२ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी पहिल्यांदा दाखवलं. जितकं काळं तितकं जास्त, सोनेरी झालं की थांबायचं. उकडताना, वाफवताना तापमान तेवढं जातच नाही त्यामुळे तिथे ही भानगड नाही.

उलटतपासणी
थोडा विरोधी सूर लावतो. ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने २०२३ मध्ये स्वतःचाच जुना सल्ला बदलला आणि कच्चे बटाटे फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही म्हणून सांगितलं. ॲक्रिलामाइड त्यामुळे फारसं वाढत नाही आणि बटाटे वाया जायचे वाचतात असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेची एफडीए मात्र अजून नको म्हणते. तेव्हा फ्रिज म्हणजे विष असं काही नाही हां, घाबरवू नका लोकांना.

काठोकाठ
घाबरवत कोण नाहीये. चालतं हे मान्य, पण ताईंचा प्रश्न फ्राईज काळ्या का पडतात हा आहे आणि त्याला उत्तर फ्रिज हेच.

कुरकुरीत
आता एअर फ्रायरचं मी सांगते, कारण यात नाव फसवं आहे, तळणबिळण काही होत नाही त्यात, छोटा पंख्याचा ओव्हन आहे तो. गरम हवा प्रत्येक कापाच्या चारी बाजूंनी फिरली पाहिजे, बस. लोक बास्केट काठोकाठ भरतात (काठोकाठ, तुम्हाला नाही म्हणाले) आणि मग मधले काप वाफेत शिजून गिळगिळीत होतात. एकच थर घाला, दोन हप्त्यांत करा.

काप साधारण बोटाच्या जाडीचे आणि सगळे सारखे हवेत, नाहीतर बारीक जळतात नि जाड कच्चे राहतात. कापले की गार पाण्यात अर्धा तास ठेवायचे. पाणी दुधाळ होतं, तो वरचा सुटा स्टार्च, सोबत थोडी साखरही जाते. पाणी ओतून पुन्हा धुवायचे आणि मग खरं काम म्हणजे पुसणं, स्वच्छ पंच्यावर पसरून वरून दुसरा दाबायचा, हाताला ओल लागता कामा नये, दोन काप एकमेकांवर घासले की चिकटायच्या ऐवजी खरखर वाजले पाहिजेत. ओले काप घातले तर पहिली पाच मिनिटं मशीन नुसतं पाणी वाळवत बसतं. अर्धा किलोला एक टेबलस्पून तेल पुरतं पण ते वाडग्यात घालून हाताने सगळ्यांना चोळायचं, बास्केटमध्ये वरून शिंपडलं तर निम्मं खाली गळतं. तेल अजिबातच नको म्हणणाऱ्यांचे फ्राईज पुठ्ठ्यासारखे होतात, माझं स्पष्ट मत.

तापमान आधी १६०, दहाबारा मिनिटं, म्हणजे आत शिजतं. मग २०० वर पाचसात मिनिटं रंगासाठी. मधे दोनतीनदा बास्केट हलवा. मीठ शेवटी, तिखट आणि मसालेही शेवटी, आधी घातले तर पंख्याच्या झोतात जळून कडू होतात. वेळ मशीनप्रमाणे मागेपुढे होणार, त्यामुळे डोळ्यांनी बघा, टायमरवर जाऊ नका.

आळशी_बल्लव
एवढा सगळा खटाटोप नको असेल तर आदल्या दिवशीचे उकडलेले बटाटे फ्रिजमधून काढा, फोडी करा, तेल चोळा, थेट २०० वर. गार झाल्यावर ते घट्ट होतात, फोडी मोडत नाहीत आणि वरून मस्त पापुद्रा धरतो. मी तर मुद्दाम जास्तीचे उकडून ठेवतो. कच्च्यापासूनच करायचं असेल तर मोठ्या फोडी चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या पाण्यात अर्धवट उकडा, कडा पिठूळ होतात आणि त्याच मग कुरकुरीत होतात. सोडा चिमूटभरच पण, नाहीतर लगदा.

निवांत_खवय्यी
वा, खूपच मदत झाली. आजपासून फ्रिज बंद. पण मग कोंबांचं काय करू? आणि कांदे बटाटे एका टोपलीत ठेवू नयेत म्हणतात ते खरं का?

मीठ_चवीपुरतं
खरंय, वेगळे ठेवा. बटाटा ओल सोडतो, कांद्याला कोरडं लागतं, शेजारी ठेवले की कांदे आधी सडतात.

बटाट्यांना ७ ते १० अंश सगळ्यात चांगलं पण घरात एवढी गार जागा क्वचित सापडते, त्यामुळे जी सगळ्यात गार, अंधारी आणि हवेशीर असेल ती. गॅसजवळचं, फ्रिजच्या मागचं कपाट नको, तिथे उबेने कोंब लवकर येतात. प्लास्टिकच्या पिशवीतून लगेच बाहेर काढा, कागदी पिशवी, गोणपाट, टोपली काहीही चालेल. ठेवण्याआधी धुवायचे नाहीत, माती राहू द्या. आणि अधूनमधून हात घालून चाचपा, एक जरी मऊ, ओला लागला तर काढून टाका, तो आजूबाजूचे सगळे घेऊन बसतो. कापलेले, कुदळ लागलेले आधी संपवा.

पाटावरचा_पाहुणा
हिरवे झालेले खावेत का? आमच्याकडे यावरून रोज वाद.

काठोकाठ
हिरवा रंग म्हणजे नुसतं क्लोरोफिल, त्याने काही होत नाही. पण ज्या उजेडाने तो येतो त्यानेच सोलानिन आणि चॅकोनिन पण वाढतात आणि ते विषारी आहेत, मुख्यतः सालीत आणि कोंबांच्या बुडाशी. उकडून, तळून ते जात नाहीत. थोडासा हिरवा डाग असेल तर जाड साल काढून डोळ्यांसकट खरवडा. अर्ध्याहून जास्त हिरवा असेल किंवा चव कडवट लागली, जीभ चुरचुरली तर सरळ कचऱ्यात. बारीक कोंब आले पण बटाटा टणक असेल तर कोंब खणून काढून खुशाल वापरा, सुरकुतलेला आणि लिबलिबीत नको.

उलटतपासणी
एक राहिलं. फॉइलमध्ये गुंडाळून अख्खा बटाटा भाजणारे भाजल्यावर तो तसाच ओट्यावर ठेवतात ते करू नका. १९९४ मध्ये टेक्सासच्या एल पासोत एका रेस्टॉरंटमुळे ३० जणांना बॉट्युलिझम (एका जंतूच्या विषाने होणारी, जिवावर बेतणारी विषबाधा) झाला होता, कारण फॉइलमधले भाजके बटाटे बाहेरच राहिले आणि मग त्यांचं डिप केलं. आत हवा नाही, ओल आहे, ऊब आहे, त्या जंतूला अजून काय पाहिजे. भाजला की फॉइल काढा, दोन तासांत फ्रिजमध्ये, आणि तीनचार दिवसांत संपवा. एअर फ्रायरमध्ये तर फॉइल लागतच नाही, काट्याने टोचा, साल तेलाने पुसा, २०० वर पाऊण तासाच्या आतबाहेर होतो, मधे एकदा उलटा.

पाटावरचा_पाहुणा
हा धागा घरी दाखवतो. अवांतर: पिठूळ बटाटा कुठला आणि चिकट कुठला हे न कापता कसं ओळखायचं?

आळशी_बल्लव
११ वाट्या पाण्यात १ वाटी मीठ विरघळवा आणि बटाटा सोडा. बुडाला तर पिठूळ, तो फ्राईजला आणि कुस्करायला. तरंगला तर चिकट, तो रश्शात आणि सॅलडमध्ये, फोडी अख्ख्या राहतात.