नुसत्या काउंटवर इन्सर्ट बदलू नका
वर एकांनी लिहिलंय की मशीनवर २०० पार्ट झाले की इन्सर्ट (टूलचा बदलता येणारा कापणारा तुकडा) बदलायचा, लोड मॉनिटर (कापताना मशीनवर किती जोर पडतो ते बघणारी सोय) कशाला. वाळूजला आमच्याकडं पण असंच चालायचं, पण कास्टिंगचा एखादा लॉट कडक आला की १२० वरच कड जायची अन् रात्रपाळीत रोबो आपला पार्ट लावतच राहायचा, सकाळी बघावं तर सगळा ट्रे रिजेक्ट. मग नव्या इन्सर्टचा स्पिंडल लोड (मशीनच्या फिरणाऱ्या दांड्यावर पडणारा जोर) धरून त्याच्यावर लिमिट लावली. टर्निंगला (पार्ट फिरवून कापताना) फ्लँक वेअर (कडेच्या बाजूची झीज) सरासरी ०.३ मिमी झाला की टूल संपलं, आयएसओ ३६८५ (टूलचं आयुष्य तपासायचं आंतरराष्ट्रीय मानक) पण हेच धरतं, अन् घासलेली कड जास्त जोर मागते म्हणून लोड चढतो. फक्त बारीक ड्रिलला हे जमत नाही भाऊ, २-३ मिमीचा लोड मोठ्या स्पिंडलला कळतच नाही, तिथं टूल सेटरवर (टूलची लांबी मोजणारा मशीनमधला सेन्सर) दर सायकलला लांबी तपासा, मोडलेलं तरी लगेच सापडतं.