मदत हवी आहे : जुन्या रिळातले फक्त खराब तुकडे कसे निवडायचे?

नमस्कार मंडळी, मी अमळनेरहून. आप्पांनी सुपर एटवर (८ मिमी रुंदीच्या घरगुती सिनेफिल्मवर) टिपलेलं कानबाई देवीचं विसर्जन स्कॅन करून आणलंय. एका रिळात ३६०० फ्रेम, सेकंदाला १८ या वेगाने ३ मिनिटं २० सेकंद. आजी चौरंग डोक्यावर घेऊन निघालेली त्यात दिसते. आता ती नाही, म्हणून हा जीव टांगणीला.

आधी एफएफएमपेग या व्हिडिओ-प्रोग्रॅमने री-एन्कोड न करता (म्हणजे व्हिडिओ नव्याने न दाबता) तुकडे कापले, पण काप मागच्या की-फ्रेमवरून (पूर्ण चित्र साठवलेल्या फ्रेमवरून) सुरू होतो. मग आव्हीसिंथ या स्क्रिप्टवर चालणाऱ्या व्हिडिओ-प्रोग्रॅममध्ये ट्रिम ही तुकडा कापायची आज्ञा वापरली. तिथे मोजणी शून्यापासून आणि शेवटची फ्रेमही धरली जाते. व्हेपरसिंथ या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅमच्या स्लाइसमध्ये (तुकडा कापायच्या पद्धतीत) मात्र शेवटची सुटते. त्यामुळे जोडताना एक फ्रेम इकडेतिकडे होते नि आजीचं पाऊल अडखळतं.

अडचण दुसरीच मोठी आहे. डाग काढणारा फिल्टर शेजारच्या फ्रेमशी तुलना करतो, म्हणून कापलेल्या टोकांना डाग तसेच राहतात. आधी अख्ख्या रिळावर फिल्टर चालवून मग फक्त खराब फ्रेम त्यातून उचलाव्यात का? असे चाळीसेक तुकडे आहेत. त्यांचे फ्रेम-क्रमांक एका टेक्स्ट फाइलमधून वाचता येतील अशी स्क्रिप्ट कोणाकडे आहे का? चांगल्या फ्रेमला मला हातही लावायचा नाही.