शहरं सावरली की गाव सावरतं म्हणे!

मूळ पोस्ट (पुणेकर, मूळ गाव विदर्भातलं दारव्हा): 2008 च्या मंदीतून आधी मुंबई-पुणे उठले, मग नागपूर, मग तालुके. पुढच्या मंदीतही हाच क्रम राहील. गावांनी वर्षभर कळ काढावी, पैसा झिरपतोच.

कापूसवाला, पांढरकवडा: "कळ काढावी" वाचून राहवलं नाही. अमेरिकेची लेहमन बँक बुडाली सप्टेंबर 2008 ला. एप्रिल 2009 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधी म्हणाला, भारत 4.5 टक्क्यांनी वाढेल. वाढला 8 च्या आसपास. अख्ख्या देशाचा अंदाज असा हुकतो अन् तुम्ही तालुक्यांचा क्रम लावता? देश सावरला त्याच 2009 मध्ये पाऊस 22 टक्के कमी पडला. आमची मंदी तेव्हा सुरू झाली भाऊ.

पुणेकर: दुष्काळ वेगळा, मंदी वेगळी. गावात रोकड येते ती बाहेर गेलेल्या पोरांकडून. त्यांचं काम सुरू झालं की किराणा दुकानाची उधारी फिटते.

शिक्षिका, वणी: माझा चुलतभाऊ पुण्याजवळ चाकणला कामाला होता. 2020 च्या टाळेबंदीत गावी आला. एप्रिल ते जून देशाचं उत्पन्न जवळपास 24 टक्के घसरलं, शेती 3.4 टक्के वाढली. तेव्हा कोणी कोणाला पोसलं?

जिनिंगवाला, हिंगणघाट: ताई, शेती वाढली ती कागदावर. खरेदी ठप्प होती, कापूस घरात पडून होता. पण मंदीनंतर भाव आलाच नाही असं म्हणू नका. मार्च 2011 मध्ये न्यूयॉर्कला रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, पाउंडाला 2 डॉलरच्या वर गेली होती.

कापूसवाला, पांढरकवडा: तेव्हा कापूस होता कोणाच्या घरी? सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, झाली की बी-खताच्या उधारीसाठी कृषी केंद्रवाला दारात उभा. बाबांनी दिवाळीच्या आधीच खेडा खरेदीत, गावात आलेल्या व्यापाऱ्याला, ओला कापूस देऊन टाकला, त्यानं ओलाव्यापोटी वजनात कट्टी कापली ती वेगळी. मार्चचा भाव साठवणाऱ्यांचा.

आठ एकरवाला, घाटंजी: अन् 2008 ची कर्जमाफी? पाच एकरापर्यंत पूर्ण माफ. त्याहून जास्त जमीन असली तर फक्त 25 टक्के सूट, अन् तीही उरलेलं कर्ज भरलं तर! माझी आठ एकर कोरडवाहू, एक पीक. पश्चिम महाराष्ट्रात पाच एकर ऊसवाल्याचं सारं माफ. मले सांगा, हा कोणता हिशेब?

पुणेकर: प्रत्येक चर्चेत कर्जमाफी आणलीच पाहिजे का? विषय अंदाजाचा आहे.

आठ एकरवाला: विषय तोच हाय! थकबाकीदाराले बँक नवं पीककर्ज देत नाही. मग सावकार. तो माणूस कधी सावरेल, हे तुमच्या कोणत्या तक्त्यात बसते?

जिनिंगवाला: कोरडवाहू जिल्ह्यांत सूट 25 टक्के किंवा 20 हजार, जे जास्त ते, असं होतं. अर्धवट सांगू नका.

आठ एकरवाला: होतं ना! पण आधी बाकीचं भरायचं कुठून? बैल विकून?

शिक्षिका, वणी: आवाज कमी करा दोघंही. दांडेकर समितीनं 1984 मध्ये मागास भागांच्या विकासाचा अनुशेष मोजला, केळकर समितीनं 2013 मध्ये पुन्हा असमतोल मांडला. मंदी नसतानाही जिथं दरी मिटली नाही, तिथं मंदीनंतर पैसा आपोआप झिरपेल कसा?

पुणेकर: बरं, क्रमाचं विधान सरसकट केलं, एवढं मान्य. पोरांच्या पैशाचा मुद्दा मात्र सोडत नाही. दारव्ह्याचं आमचं घर त्यावरच उभं राहिलं.

कापूसवाला, पांढरकवडा: नका सोडू. त्याच्या शेजारी रुईचा भाव, जुलैचा पाऊस अन् पीककर्जाचं वाटपही मांडा, मग तालुक्याचं भाकीत करा.

आठ एकरवाला: आठ एकरवाल्याचं उत्तर अजून कोणी देल्लं नाही.